तटाआडची स्वस्त खोली: दरापलीकडचा हिशेब

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीच्या जाहिराती आपल्या पर्यटन पुरवणीत सुरू झाल्या आहेत. टूर कंपनीच्या गटाबरोबर न जाता स्वतः तिकीट काढून, स्वतः खोली ठरवून ग्रीसला जाणारी बरीच कुटुंबे आता नागपुरात आहेत. खोली निवडताना ती दर, फोटो आणि "समुद्रापासून पाच मिनिटे" एवढेच पाहतात. पायऱ्या किती, गाडी कुठपर्यंत येते, चावी कोण देणार, गरम पाणी कसे लागते, कर किती आणि तो कुठे भरायचा, हे जाहिरातीत नसते आणि कोणी विचारतही नाही. सहलीचा विचका होतो तो नेमका इथे. म्हणून ग्रीसच्या रोड्स बेटावरच्या रोड्स या एकाच गावाचे उदाहरण घेऊन सविस्तर लिहीत आहोत. भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या गावांतल्या स्वस्त खोल्यांचे बहुतेक गुणदोष तिथे एका तटबंदीत पाहायला मिळतात.

रोड्सचे जुने गाव म्हणजे सुमारे चार किलोमीटरच्या तटाआडची नांदती वस्ती. १३०९ पासून १५२२ पर्यंत इथे सेंट जॉनच्या सरदारांचे, म्हणजे एका ख्रिस्ती लढाऊ धर्मसंघाचे, राज्य होते, मग तुर्क आले, १९१२ मध्ये इटालियन आले. १९८८ पासून गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सरदारांच्या काळी फ्रान्स, इटली, स्पेन, प्रोव्हान्स अशा एकेका भाषेच्या मंडळींची उतरण्याची आपापली वास्तू होती. काशीला, पंढरपूरला समाजासमाजाच्या धर्मशाळा असतात तशी. त्या वास्तू सरदारांच्या रस्त्यावर अजून उभ्या आहेत. परवडणारी खोली मात्र त्या रस्त्यावर सहसा मिळत नाही. ती मिळते दक्षिणेकडच्या अरुंद गल्ल्यांत, ओमिरू किंवा आयिऊ फानुरिऊ रस्त्याच्या आसपास, एखाद्या जुन्या घरात: मधे अंगण, भोवती खोल्या, वर जायला उभा लाकडी जिना. नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा पाहिलेल्या माणसाला ही रचना नवी नाही.

पहिला प्रश्न सामानाचा. या गल्ल्यांची फरसबंदी समुद्रकाठच्या गोट्यांची आहे, 'खोख्लाकी' म्हणतात तिला. गोटे आडवे पसरलेले नाहीत, उभे रोवले आहेत. निमुळते टोक वर येते आणि दोन गोट्यांमध्ये फट राहते. चार लहान चाकांची ट्रॉली बॅग त्या फटीत अडकते. जोर लावून ओढली की चाकाची दांडी वाकते, पुढच्या वळणावर चाक निखळते आणि वीस किलोची बॅग हातात उचलून न्यावी लागते. दोन मोठ्या चाकांची बॅग त्या मानाने टिकते, पाठीवरची सॅक सर्वांत बरी. पातळ तळव्याच्या चपलेतून हे गोटे पायाला टोचतात. गुडघे दुखणाऱ्यांनी जाड तळव्याचेच बूट घालावेत. आणि बुकिंगच्या आधी मालकाला सरळ विचारावे, की रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती. "थोड्याशा आहेत" हे उत्तर चालवून घेऊ नये, आकडा मागावा. लिफ्टची अपेक्षा ठेवू नये.

दुसरा प्रश्न दरवाजाचा, म्हणजे तटाच्या दरवाजाचा. तटाला बरेच दरवाजे आहेत आणि आतल्या बहुतेक गल्ल्यांत गाडी शिरतच नाही. दक्षिणेच्या गल्ल्यांना सेंट जॉनचा, म्हणजे कोस्किनूचा, दरवाजा सोयीचा. पश्चिमेच्या अँब्वाज दरवाजाने गेलात तर आधी सरदारांच्या प्रमुखाच्या राजवाड्याचा भाग लागतो. टॅक्सीवाल्याला नुसते "ओल्ड टाउन" सांगितले तर तो त्याला सोपा पडेल त्या दरवाजाशी उतरवतो आणि सगळे गाव सामानासह ओलांडावे लागते. उंच भिंतींमुळे फोनच्या नकाशावरचा ठिपका या गल्लीतून त्या गल्लीत उड्या मारतो. त्यातच एका रस्त्याचे नाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. दरवाजाचे नाव, तिथून किती वळणे आणि घराच्या दाराचा फोटो, एवढे मालकाकडून आधीच मागवून फोनमध्ये साठवून ठेवावे.

चावीचे तसेच. अशा खोल्यांना चोवीस तासांचा काउंटर नसतो. मालक दुसरीकडे राहतो, सांगितलेल्या वेळी येतो किंवा आकडे जुळवून उघडायच्या डबीत चावी ठेवतो. अथेन्सहून रोड्सचे विमान तासाभराचे आहे, पण नागपूरहून निघालेला माणूस दोन-तीन विमाने बदलून रात्री उशिरा पोचतो. विमान लांबले आणि फोनला नेट नसले, तर त्या वेळी बंद दाराबाहेर उभे राहण्यावाचून गत्यंतर नाही. रोमिंग इथूनच चालू करून निघावे आणि अथेन्सला उतरताच मालकाला नवी वेळ कळवावी. बाहेरच्या देशांतल्या प्रवाशांसाठी युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. हे काम ज्या विमानतळावर शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, पहिले पाऊल पडते तिथे होते. तो अथेन्स असेल तर तिथून पुढच्या विमानासाठी तीन तास तरी हाताशी ठेवावेत.

आता खोली. तळमजल्याची खोली दुपारी गार असते, पण दगडी भिंती जाड, खिडकी लहान, म्हणून ओल धरते. भिंतीला पांढरी खार सुटते आणि लहान मुलाला किंवा दम्याच्या माणसाला तो कुबट वास सोसत नाही. वरची खोली कोरडी आणि उजेडाची, पण जुलै-ऑगस्टमध्ये भिंती दिवसभर तापून रात्री उष्णता बाहेर टाकतात. नागपूरच्या ४५ अंशांपुढे तिथले तापमान काहीच नाही असे वाटते, पण आपले ऊन कोरडे आणि तिथली हवा समुद्राची. आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो ते तिथे फारसे उपयोगाचे नाही. त्या दोन महिन्यांत एसी लागतोच, आणि काही ठिकाणी त्याचे भाडे दिवसाला वेगळे घेतात, हे आधी विचारावे. मे महिन्यात पंख्यावर भागते. कुटुंब चौघांचे असेल तर तिसरा-चौथा पलंग म्हणजे बहुधा 'रांत्झो', घडीची खाट. ती मांडल्यावर दार पूर्ण उघडते का, हे फोटोत दिसत नाही.

गरम पाण्याबद्दल सर्वांत जास्त तक्रारी येतात आणि बहुतेक वेळा बिघाड कशातच नसतो. गच्चीवर सोलरची टाकी असते. संध्याकाळी सातला सगळे पाहुणे समुद्रावरून परततात, पहिले दोघे-तिघे अंघोळ करतात आणि टाकी थंड पडते. ढगाळ दिवशी तर पाणी कोमटच येते. त्यासाठी टाकीत विजेची कॉइलही असते, पण तिचे बटण न्हाणीघरात सापडत नाही. ते दाराजवळच्या फ्यूजबोर्डात, एमसीबीच्या ओळीत असते. शेजारी 'थर्मोसिफोनास' लिहिलेले असते किंवा छोटा दिवा असतो. ते लावून अर्धा तास थांबावे आणि अंघोळीआधी बंद करावे. खोली ताब्यात घेतानाच मालकाला बोट ठेवून ते बटण दाखवायला सांगावे, कारण रात्री अंदाजाने भलतेच बटण पाडले तर फ्रिज बंद पडतो.

न्हाणीघरात बादली नसते, मग्गा नसतो, जेटही नसतो. उभे राहण्यापुरता चौकोन आणि पडदा, एवढेच. पडदा आत घेऊन अंघोळ केली नाही तर पाणी थेट खोलीत येते. घडीचा मग्गा इथून न्यावा. आणि एक गोष्ट सर्वांनी पाळायची आहे: शौचालयात कागद टाकायचा नाही. शेजारी झाकणाचा डबा ठेवलेला असतो तो त्यासाठीच. जुन्या घरांतले सांडपाण्याचे पाइप अरुंद आहेत. कागद वळणावर अडकतो आणि तुंबते ते एकट्या तुमचे नाही, अंगणाभोवतीच्या सगळ्यांचे. मालक सूचना चिकटवतात ती काकुळतीने.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट. फोनचा दोन गोल पिनांचा चार्जर बहुधा तसाच बसतो, तीन पिनांना अॅडॉप्टर लागतो. इंडक्शन शेगडी किंवा पाणी तापवायचा रॉड नेऊ नये. जुन्या वायरिंगवर एसी आणि गीझर आधीच चालू असतात, वरून रॉड लावला की मेन पडतो, आणि मेनचा बोर्ड मालकाच्या कुलपात असेल तर रात्र अंधारात काढावी लागते.

करामुळे स्वस्त-महागचे गणित चक्क उलटू शकते. ग्रीसमध्ये २०२४ पासून हवामान-संकटासाठीचा कर मुक्कामावर आहे आणि २०२५ मध्ये तो वाढला. तो माणशी नाही, दर खोलीला दर रात्री. एक किंवा दोन तारे असलेल्या हॉटेलला एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये २ युरो, पण अल्पमुदतीच्या भाड्याने दिलेल्या नेहमीच्या लहान अपार्टमेंटला ८ युरो. सात रात्रींचे १४ विरुद्ध ५६. म्हणजे रात्रीला पाच युरोंनी स्वस्त दिसणारे अपार्टमेंट शेवटी सात युरोंनी महाग पडते. ही रक्कम बहुधा ऑनलाइन भरलेल्या पैशांत नसते, ती तिथे पोचल्यावर द्यावी लागते आणि तिची पावती मिळते. अल्पमुदतीच्या जागेला सरकारी नोंदणी क्रमांक असतो, तो 'ए.एम.ए.' या अक्षरांनी जाहिरातीत दिलेला असायला हवा. क्रमांक नसेल तर ती जागा सोडून द्यावी.

दुपारच्या झोपेला तिथे कायद्याचे संरक्षण आहे. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर दुपारी ३ ते ५.३० आणि रात्री ११ ते सकाळी ७ ही शांततेची वेळ. वैशाखात दुपारी दार लावून पडणाऱ्या नागपूरकराला हे समजावून सांगायला नको, पण सुट्टीवर गेल्यावर आपलीच मुले अंगणात त्याच वेळी चेंडू आपटतात. शेजाऱ्याने हटकले तर त्यात परकेपणा शोधू नये, चेंडू आत घ्यावा. उलट खोली इप्पोक्रातूस किंवा आरिओनोस या गजबजलेल्या चौकांच्या डोक्यावर असेल तर रात्रीची शांतता मिळेल असे गृहीत धरू नये. दर थोडा जास्त पडला तरी खिडकी अंगणाकडे उघडणारी खोली मागावी.

व्हिसा आणि खोली यांची सांगड नीट घालावी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. प्रौढाला शुल्क ९० युरो, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. लहान मालक बुकिंगच्या कागदावर एकाच माणसाचे नाव टाकतो, मग बाकीच्यांच्या अर्जाला आधार उरत नाही. सगळ्यांची नावे पासपोर्टप्रमाणे लिहून घ्यावीत. व्हिसा हाती येईपर्यंत विनाशुल्क रद्द होणारेच बुकिंग करावे. समोरच्या तुर्कस्तानातल्या मार्मारिसला बोटीने एका दिवसात जाऊन येण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. त्या बोटीत पाय ठेवला की शेंगेनमधून बाहेर पडलात. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर रोड्सवर परत येता येत नाही आणि खोली, सामान, परतीचे तिकीट सगळे पलीकडे राहते. शिवाय तुर्की व्हिसा वेगळा.

जुलै-ऑगस्टमध्ये 'मेल्तेमी' हा उत्तरेचा वारा सुटतो. तो फार वाढला की बंदर प्रशासन जहाजे थांबवते, पैसे परत मिळतात पण दिवस जातो. अथेन्सच्या पिरेउस बंदरातून बोटीने जाणार असाल तर परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम अथेन्सलाच ठेवावा.

जेवणाची काळजी मात्र शाकाहारी माणसानेही करू नये. 'पितारुद्या' ही चण्याची भजी रोड्सचीच, आणि तीळ-मधाची 'मेलेकुनी' वडी आपल्या चिक्कीची बहीण शोभते.

एवढी यातायात करून तटाच्या आतच का राहायचे? क्रूझची जहाजे सकाळी लागतात आणि सोक्रातूस हा बाजाराचा रस्ता माणसांनी फुलून जातो. संध्याकाळी ती मंडळी परत जातात. सकाळी सातला आणि रात्री दहानंतर सरदारांचा रस्ता, दरवाजे आणि तटाभोवतीचा कोरडा खंदक फक्त आत राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो. खंदकात उतरून भिंतींच्या पायथ्याने चालायला तिकीट लागत नाही. नव्या शहरातल्या हॉटेलात हे मिळत नाही, म्हणून ही खोली घ्यावी असेच आम्ही सांगतो, पण माहिती घेऊन.

आपल्याला विनंती आहे की परदेशातल्या मुक्कामाची जाहिरात घेताना जाहिरातदाराकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात आणि दराच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरात छापाव्यात: दारापर्यंतच्या पायऱ्यांची संख्या, गाडी थांबण्याची जागा, जागेवर भरायचा कर आणि चावी मिळण्याची वेळ. मे महिन्यात जाणाऱ्यांची बुकिंगे याच आठवड्यांत होत आहेत, तेव्हा येत्या पुरवणीपासूनच हे सुरू करावे.

आपले,
परदेश प्रवासाचे नियोजन करून देणारे काही जण
धरमपेठ, नागपूर