एफडी मोडू नका, घास पेरा

ती. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

दादा सांगत होता, एफडी मोडून मला आणखी दोन घोडे घेऊन द्यायचं तुमच्या मनात आहे. बाबा, मोडू नका. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि मनातलंच करता, म्हणून कागदावर हिशोब मांडते.

माझ्या तबेल्यात अकरा घोडी आहेत. चार आपली, पोरांना रायडिंग शिकवायला; सात बोर्डिंगची, म्हणजे दुसऱ्यांची, पैसे घेऊन सांभाळलेली. बोर्डिंगच्या घोड्याचे मालक पुण्यात असतात, शनिवारी-रविवारी येऊन घोड्यावर बसतात आणि एका घोड्यामागे महिन्याला 18,000 देतात. नालबंद, डॉक्टर, लस यांचा खर्च त्यांचा. त्या पैशातले 9,000 खाण्यात जातात. चार घोड्यांमागे एक मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा गडी, त्याच्या पगाराचा वाटा 4,500. अंथरायचा भुसा, जागेचं भाडं, वीज-पाणी 2,500. उरले 2,000. सात घोड्यांचे चौदा हजार, सगळ्या मालकांनी दिले तर ते बाराही महिने येतात. रायडिंगचे पैसे मात्र दिवाळीनंतर आणि मे महिन्यात दिसतात. पावसाळ्यात रिंगणात चिखल, पोरं येत नाहीत, आणि आपली चार घोडी खाणं काही थांबवत नाहीत. तुम्ही आणखी दोन घेऊन दिलेत तर शिकणारी पोरं वाढणार नाहीत, खाणारी तोंडं वाढतील.

शिवाय चांगला घोडा घ्यायचा म्हणजे डोळस माणूस लागतो. रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड स्वस्तात मिळतात, पण ते आयुष्यभर एकच गोष्ट शिकलेले असतात, सुटलं की पळायचं. त्यांच्या पाठीवर लहान मूल बसवायच्या आधी कित्येक महिने शांतपणे चालवावं लागतं. आमच्याकडे एक मालक गेल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावर पांढरा असलेला, घोडा घेऊन आले. केसांचे भोवरे, देवमन हा शुभ मानलेला भोवरा, रंग, सगळं जाणकारांना दाखवून घेतलेला. वय दातांवरून कळतं, ते दात कुणी बघितले नव्हते. मी तोंड उघडलं तर गडी चांगलाच म्हातारा निघाला. स्वभावाने मात्र इतका गरीब, की आता सगळ्यात लहान पोरं त्याच्यावरच शिकतात आणि मालकांना त्याचे थोडे पैसे सुटतात.

आणखी एका मालकाने उन्हाळ्यापासून पैसे देणं बंद केलं, फोनही उचलत नाही. भाडेकरूने भाडं थकवलं तरी खोली खायला मागत नाही. थकबाकीदाराचा घोडा सकाळी सहाला बाकीच्यांबरोबरच खिंकाळतो. दादा म्हणतो विकून टाक. दुसऱ्याचं जनावर कसं विकू? वकिलांशी बोलले आहे, आणि नव्या मालकांकडून आता दोन महिन्यांची अनामत घेते.

आई, मी पडेन म्हणून तू देव पाण्यात ठेवतेस. हेल्मेट घालते गं. मला धास्ती आहे ती पोटशूळाची. घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते मागूनच निघायला हवं. म्हणून लीद पडली की नाही हे रात्रीसुद्धा टॉर्च घेऊन बघतो. घोडा वळून कुशीकडे बघायला लागला, सारखा लोळायला लागला, की डॉक्टरांना फोन आणि ते येईपर्यंत हातात धरून फिरवायचं.

आणि बाबा, म्हणूनच तुम्ही ट्रॅक्टरभर उसाचं वाढं पाठवतो म्हणालात तेव्हा मी नको म्हटलं. तुम्हाला राग आला, कळलं मला. म्हैस रवंथ करते, तिच्या पोटाला चार कप्पे, ती ओलंसुकं सगळं पचवते. घोड्याचं पोट एकच आणि लहान. बुरशी लागलेली एक पेंढी त्याचा जीव घेऊ शकते. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो कोरडा चारा लागतो, तोही थोडा थोडा, दिवसभर. आमचा सगळा धंदा या चाऱ्यावर चालतो. मार्चनंतर भाव चढतो, आणि साठवायला जागा नसल्याने आम्ही चढ्या भावाने घेतो.

तर माझं मागणं हे आहे. विहिरीकडचा एकर ऊस तुटला की तिथे पुन्हा ऊस लावू नका. अर्ध्यात लसूणघास, अर्ध्यात ओट. लसूणघास ऊस तुटल्यावर लगेच पेरला तर साधारण दोन महिन्यांनी पहिली कापणी, मग दर महिन्याला एक. सावलीत वाळवायचा, कारण उन्हात फार कडक झाला की पानं झडतात आणि नुसत्या काड्या उरतात; पण ओला बांधायचा नाही. ओट फुलोऱ्यात कापून वाळवायचा. ओटाला उसाइतकं पाणीही लागत नाही, म्हणजे रात्री मोटर चालू करायला तुमची गुडघेदुखी घेऊन सारखं बांधावर जायला नको.

भाव बाजाराचाच देईन, लेकीचा म्हणून कमी नाही आणि तुम्हीही कमी लावायचा नाही. कापायला माणूस मी पाठवते, मजुरी माझी. बियाणं कृषी केंद्रातून प्रमाणित घ्या. लसूणघासात अमरवेल दिसली तर लगेच उपटून जाळायला सांगा, ती पसरली की अख्खा वाफा जातो.

कारखान्याची ऊसतोड टोळी कधी येतेय ते कळवा. आईने दिलेला गूळ घोड्यांनाच जास्त आवडला, तेव्हा पुढच्या वेळी दोन ढेपी.

तुमची,
मनू