हूक लाव

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

मास्टवरचा फोटो मिळाला. आईने तो आक्काला पाठवला आणि आक्काने अख्ख्या वाडीला. आपल्या वाडीतून डेकवर गेलेली पहिली पोर, सगळ्यांना कौतुक. मी झूम करून पाहिला. हार्नेस नीट घातलायस, मांड्यांचे पट्टेही आवळलेत, पण लॅनयार्डचा, म्हणजे हार्नेसला जोडलेल्या सुरक्षा दोराचा हूक कमरेशी नुसताच लोंबतोय. खाली तू लिहिलंस, 'क्विन झाझाची ताकिता'. फोनवर विषय काढला तर चिडलीस, म्हणून पत्र.

ही ताकिता कोण ते बघावं म्हणून सोनूकडून 'ड्रिफ्टिंग ड्रॅगन्स' ही जपानी मालिका लावून घेतली. क्विन झाझा हे त्यातलं ड्रॅगनची शिकार करणारं, आकाशात उडणारं जहाज, आणि ताकिता त्यावरची नवी पोर. ताकू कुवाबारांच्या मांगावरून, म्हणजे चित्रकथेवरून, पॉलिगॉन पिक्चर्सने २०२० साली काढलेले बाराही भाग पाहिले. आईला वाटलं, म्हातारपणी मला कार्टूनचा नाद लागला. पण काम खरं दाखवलंय, हे मान्य. ड्रॅगन मारला की गोष्ट संपत नाही, खरी मेहनत त्यानंतरची. सोलायचा, मांस तोडायचं, तेल काढायचं, बंदरात नेऊन विकायचं, त्यातून जहाज चालवायचं. त्यांच्यातल्या मीका नावाच्या शिकाऱ्याचा सगळा जीव पहिल्या घासात. गिब्ज मला आपल्यातला वाटला, पोरांना डेकवर हाकणारा.

सगळं जुन्या व्हेलच्या शिकारीवर बेतलंय. हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, लागला की व्हेल दोर घेऊन पळायचा. होडीतल्या खुंट्याभोवती दोर एवढा घासायचा की धूर निघे, वरून पाणी ओतावं लागे. त्या सुटत्या दोराच्या वेढ्यात पाय सापडला की माणूस दोरासकट समुद्रात. तुझ्याकडे व्हेल नाही, पण दोर ओढणारा विंच आहे आणि जहाज धक्क्याला बांधायचा नायलॉनचा मूरिंग दोर आहे. ताण आला की तो रबरासारखा लांबतो, आणि तुटला की ती सगळी ताकद घेऊन उलटा येतो. रोलरवरून वळवलेला असला तर कुठल्या कोनातून येईल याचा नेम नाही. डेकवर धोक्याची जागा रंगवलेली असेल, तिच्याबाहेर उभं राहिलं म्हणजे सुटलो असं समजू नकोस. मूरिंग चालू असताना तो सगळा डेकच धोक्याचा धर.

पण मुद्दा हूकचा. ताकिता जहाजावरून पडते. पडून वाचते, ड्रॅगनचं पिल्लू भेटतं, त्याला कळपात सोडायला निघते. ती पडली नाही तर पुढचे भाग कशावर काढणार? तुझ्याखाली पोलादी डेक आहे.

लॅनयार्डला दोन हूक असतात, ते एवढ्यासाठीच. चढताना पुढचा अडकवल्याशिवाय मागचा काढायचा नाही. अडकवायचा डोक्याच्या वर. दोन मीटरचा लॅनयार्ड पायाशी अडकवलास तर तो ताणला जाईपर्यंतच तू साडेतीन मीटर खाली गेलेली असशील, मग धक्का झेलणाऱ्या शॉक पॅकची शिवण उसवते तेव्हा आणखी खाली. तेवढी मोकळी जागा नसेल तर हार्नेस असून नसल्यासारखा. पाइप, केबल ट्रे, गंजकी रेलिंग यांना हूक लावू नकोस. वर जाण्याआधी परमिट सही झालंय का, रडार बंद करून स्विचवर पाटी लावली का, भोंगा बंद केला का, हे स्वतः ब्रिजवर जाऊन बघ. कोणी 'केलंय' म्हणालं तरी बघ. आणि एकटी चढू नकोस. हार्नेसमध्ये माणूस लटकून राहिला तर पट्ट्यांनी पायांतलं रक्त अडतं, त्याला काही मिनिटांत उतरवावं लागतं. खाली कोणी नसेल तर उतरवणार कोण?

भाषण झालं. राग मानू नकोस. सारंगाला डेक सुटला तरी ओरडायची सवय सुटत नाही, असं आई म्हणते.

तू चौथीत असताना शाळेच्या टाकीवर चढली होतीस. खाली आई रडतेय, बाई ओरडतायत आणि तू वरून सांगत होतीस, दाभोळची फेरीबोट दिसते म्हणून. तुला कधी भीती वाटलीच नाही. लोकांना मी हे छाती फुगवून सांगतो. रात्री मात्र तेच आठवून झोप येत नाही. थोडी भीती वाटलेली बरी, बाय. जिला वाटते ती हूक लावते.

तुझा बोसन, म्हणजे तुमचा सारंग, कसा आहे? कोकणातला असेल तर माझं नाव सांग, ओळख निघेल. चीफ ऑफिसर घाई करत असेल तर करू दे, हूक लावायला चार सेकंद लागतात. उशीर झाला तर बोलणी खा. पुन्हा तेच लिहितोय, कळतंय मला.

आजीचं गुडघ्याचं आता बरं आहे. बाळूमामाचं नेहमीचंच. पुढच्या बंदरातल्या एजंटचा पत्ता कळव, आईला मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवायचंय. सोनू नंतर मांगाही पाठवतो म्हणत होता, पण त्याचं काही खरं नाही. मांगात ड्रॅगनच्या मांसाच्या पाककृती छापल्या आहेत म्हणे, तुमच्या कुकला दाखव.

मास्टवर पुन्हा कधी जायचंय ते आधी कळवू नकोस. उतरलीस की कळव.

तुझे
बाबा