वाईनच्या ऑर्डरी अडकलेल्यांसाठी (फक्त यूकेवाले)
मंडळी, दुकानाच्या 'पुढच्या आठवड्यात नक्की' वर आता बसू नका, ते डबघाईला आलंय हे दिसतंयच. क्रेडिट कार्डने भरलं असेल आणि वस्तूची किंमत 100 पौंडांच्या वर, 30,000 पर्यंत असेल तर 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं सेक्शन 75 लागतं, म्हणजे कार्डवाली बँकही दुकानाइतकीच जबाबदार, अगदी डिपॉझिटच कार्डवरून गेलं असलं तरी पूर्ण रक्कम मागा. डेबिट कार्डवाल्यांनी चार्जबॅक टाका (म्हणजे बँकेकरवी दुकानाकडून पैसे परत मागायची विनंती), त्याला साधारण 120 दिवसांची मुदत असते. बँक ट्रान्स्फरवाल्यांचं अवघड आहे, दुकान ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये (दिवाळखोरीच्या प्रक्रियेत) गेलं की तुम्ही अनसिक्युअर्ड क्रेडिटर, म्हणजे तारण नसलेले देणेकरी, रांगेत पार मागे (म्हणूनच ट्रान्स्फरवर डिस्काउंट देत होते की काय!). बॉन्डेड वेअरहाऊसलाही (कर भरायच्या आधी वाईन ठेवतात ते गोदाम) विचारा, तुमच्या नावावर पेट्या आहेत का. इनव्हॉइस, ईमेल आजच सेव्ह करा.