तापी समुद्रालाच मिळते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नौदल दिनाला, ४ डिसेंबरला, आपल्या अंकात सिंधुदुर्ग आणि कान्होजी आंग्रे यांच्यावर आलेले पान आवडीने वाचले. त्याच सकाळी तालुक्यातल्या एका शाळेने मला बोलावले होते. मी पंधरा वर्षे नौदलात, इंजिन रूममध्ये काढली. बोलणे संपल्यावर आठवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आपल्याकडे समुद्रच नाही, मग आपली माणसं नेवीत कशाला जातात?" १९८४ साली भरती होऊन पहिल्या सुट्टीवर आलो, तेव्हा पारावरच्या मोठ्यांनीही असेच विचारले होते, "पाणीमा कसी लढाई व्हस रे भाऊ?" चाळीस वर्षे झाली, प्रश्न जागचा हललेला नाही. म्हणून हे पत्र.

त्या मुलाला मी कपिलेश्वरची आठवण दिली. तिथे पांझरा तापीला मिळते. पुढे तापी कुठे जाते? सुरतेला. आपले निम्मे नातेवाईक सुरतेच्या उधना-लिंबायत भागात राहतात, त्यामुळे हे उत्तर साऱ्या वर्गाला येत होते. पण सुरतेच्या पुढे, हजिऱ्याजवळ सुवाळीचा किनारा आहे, हे कुणाला ठाऊक नव्हते. १६१२ साली ईस्ट इंडिया कंपनीची लढाऊ गलबते तिथे आली आणि त्यांनी पोर्तुगीजांशी लढाई केली. त्याच ताफ्याचे पुढे बॉम्बे मरीन झाले, १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही आणि २६ जानेवारी १९५० पासून भारतीय नौदल. माझ्या मते आपल्या आरमाराची खरी सुरुवात कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराजांनी केली. कंपनीची गलबते व्यापाराच्या राखणीला होती, देशाच्या नव्हे. तरी ही वंशावळ तापीच्या मुखाशी सुरू होते, हे खानदेशातल्या पोरांना कळायला हवे. खानदेशचे कापड नंदुरबारच्या वाटेने ज्या सुरत बंदरात उतरत असे, त्याच सुरतेचे नाव घेतलेली विनाशिका (मोठी युद्धनौका), आयएनएस सुरत, १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली.

नावावरून एक सांगावेसे वाटते. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, तसे नौदलात जहाजांचे चालते. जहाज निवृत्त होते त्या दिवशी सूर्यास्ताला त्याचा ध्वज शेवटचा उतरतो आणि नाव पुढच्या जहाजासाठी राखून ठेवले जाते. पहिली विक्रांत १९६१ ते १९९७ चालली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवी विक्रांत आली आणि त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरचा इंग्रजी क्रॉस जाऊन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. टीव्हीवर तो ध्वज पाहताना मी घरात एकटाच सावधान उभा होतो.

आणि खुकरी. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, म्हणून तो दिवस आपण साजरा करतो. पण ९ डिसेंबर कुणाच्या लक्षात नसतो. त्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. माणसांना बाहेर काढत राहिले आणि जहाजाबरोबरच खाली गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. जहाजाला भोक पडल्यावर वर यायला सर्वांत लांबची वाट इंजिन आणि बॉयलर रूममधल्यांची असते. मी तिथेच पंधरा वर्षे उभा राहिलो, म्हणून हा आकडा मला कधी नुसता आकडा वाटला नाही. खुकरीचेही नाव १९८९ मध्ये नव्या जहाजाला दिले गेले. ती दुसरी खुकरी २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि आता दीवलाच स्मारक म्हणून ठेवली आहे.

माझी विनंती एवढीच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या निवृत्त नौसैनिकांच्या आठवणी आपल्या दैनिकाने गोळा कराव्यात. गावात आम्हा सगळ्यांना 'मिलिटरीवाला' म्हणतात. कोण पायदळात होता, कोण जहाजावर, हे घरच्यांनाही धड सांगता येत नाही. १९७१ ची माणसे आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. शेजारच्या गावात असे एक आजोबा आहेत. युद्धाच्या वेळी ते मुंबईच्या गोदीत होते. प्रशिक्षणात ज्याच्याबरोबर एका बराकीत राहिले, तो त्यांचा सोबती खुकरीवर होता. दरवर्षी ९ डिसेंबरला ते रात्री जेवत नाहीत. सुनेला वाटायचे, बाबांचा काही उपास असेल.

आपला वार्ताहर पाठवलात तर मी मोटारसायकलवर त्यांच्याकडे घेऊन जाईन. सकाळी दहाच्या आत यावे, दुपारी ते झोपतात. कानाने कमी ऐकू येते, तेव्हा जवळ बसून थोडे मोठ्याने बोलावे लागेल.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक,
ता. अमळनेर, जि. जळगाव