वैशीला पत्र: आठ वाजता फोन कोण करणार?

स्लाऊ, इंग्लंड,
रविवार रात्र

प्रिय वैशे,

आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तुझा दिवाळीचा व्हॉइस मेसेज स्टार करून ठेवलाय, निवांत उत्तर देऊ म्हणून, आणि आता संक्रांत पण होऊन गेली. व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकता आल्या असत्या, पण हे दोन ओळींत मावणारं नाहीये, आणि फोन लावला की मोहन शेजारीच बसलेला असतो. म्हणून आत्ता तो झोपल्यावर टाइप करतेय. तब्येती ठीक. माझं थायरॉइड आहे तिथंच आहे, पोरगं मजेत, पैसे मागण्यापुरतं बोलतं.

मोहनचा आवाज बसलाय गं.

बसलाय म्हणजे सर्दीत बसतो तसा नाही. ताप नाही, खोकला नाही, दुखत तर अजिबात नाही, नुसता घोगरा, आणि संध्याकाळपर्यंत अर्धी वाक्यं हवेतच. गणपतीत आरतीला ठणठणीत होता, व्हिडिओ आहे माझ्याकडे. दिवाळीच्या आसपास कधीतरी सुरू झालं आणि गेलंच नाही. पहिले काही दिवस मी पण ज्येष्ठमध, हळदीचं दूध, गुळण्या हेच केलं. पण परवा मंडळाच्या तिळगूळ कार्यक्रमात सूत्रसंचालन दुसऱ्याला दिलं त्याने. स्वतःहून! "नवीन पोरांना चान्स द्यायला हवा" म्हणे. इथल्या बायका म्हणाल्या किती मोठं मन. मला पोटात खड्डा पडला, आणि तिथं एक माणूस नव्हतं ज्याला ह्याचा अर्थ सांगता येईल. तू असतीस तर नुसती माझ्याकडे बघितली असतीस. गॅदरिंगला लाइट गेल्यावर माइकशिवाय अख्खं नाटक पुढे रेटणारा माणूस, "ह्याला कराड स्टँडवर अनाउन्सर म्हणून चिकटवा" असं तूच म्हणायचीस ना, तो माणूस माइक सोडतो?

आणि मला माहितीय गं. ते कळायला डॉक्टर असावं लागत नाही, मी तर दिवसभर त्याच धंद्यात बसलेली असते. पंचेचाळीसच्या पुढचा माणूस, आवाज कारण नसताना बसलेला आणि सुधारत नाही, तर जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, कॅन्सरच्या शंकेखाली अर्जंट पाठवायचं असतं. लिहिलेली गाइडलाइन आहे तशी. बहुतेक वेळा काही निघत नाही, अॅसिडिटी निघते, स्वरतंतूवर गाठ निघते साधी. पण बघायला तर पाहिजे ना कुणी. आणि बघण्यासाठी आधी अपॉइंटमेंट पाहिजे. इथून पुढची सगळी कॉमेडी आहे.

तुला माहितीय मी सर्जरीत, म्हणजे इथल्या जीपीच्या दवाखान्यात, रिसेप्शनला आहे. म्हणजे इंग्लंडमध्ये लोक सगळ्यात जास्त कुणावर चिडत असतील तर त्या खुर्चीवर मी बसते. सकाळी आठला लाइन उघडते. आठ वाजून एक मिनिटाला रांगेत तीस-चाळीस कॉल, आणि पाव-अर्ध्या तासात त्या दिवसाचं सगळं संपलेलं. आपलं तत्काळ तिकीट आठव, तेच, फक्त इथं एजंट नाही. मग उरलेला वेळ मी एकच वाक्य म्हणते, आय अॅम सॉरी, ऑल गॉन फॉर टुडे, उद्या आठला करा. माणसं रडतात, ओरडतात, माझ्या आईवर जातात. भिंतीवर पोस्टर आहे की स्टाफशी गैरवर्तन खपवून घेणार नाही, ते वाचायला माणूस समोर यायला हवा, फोनवर पोस्टर दिसतं होय? एक पंजाबी आजोबा आहेत, त्यांना त्या फोनच्या मेन्यूतलं एक दाबा दोन दाबा ऐकूच येत नाही, ते थंडीत पावणेआठपासून दाराशी उभे असतात. मला बघून "बेटी" म्हणतात आणि मला त्या दिवशी दुसऱ्यांच्या शिव्या कमी लागतात.

तर प्रॉब्लेम काय, की मोहनची सर्जरी दुसरी. आमचं घर आमच्या सर्जरीच्या हद्दीत येत नाही. त्याच्या सर्जरीची लाइन पण आठलाच उघडते. आठ वाजता मी लोकांचे फोन घेत असते, म्हणजे मी करू शकत नाही. तो सहाला हीथ्रोला कार्गोत लागतो आणि मोबाइल लॉकरमध्ये, म्हणजे तो करू शकत नाही. पोरगं कॉलेजला मँचेस्टरला, आणि आठ वाजता त्याची मध्यरात्र असते. घरात एक बाई रोज आठ वाजता अपॉइंटमेंटा वाटत बसलीय आणि नवऱ्याला एक मिळत नाहीये, हे सांग की तुझ्या डॉक्टर अण्णांच्या फोटोपुढे. हसतील.

आता तू म्हणशील ऑनलाइन कर. आहे ना ऑनलाइन. २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून नियमच आलाय इंग्लंडभर, की आठ ते साडेसहा ऑनलाइन फॉर्म चालू ठेवलाच पाहिजे, आठची झुंबड मोडायची म्हणून. चांगला आहे नियम, मी नावं ठेवणार नाही, आमच्याकडे फोन थोडे कमी झाले. पण फॉर्म भरणारा कोण तर आपला मोहन. त्याने ब्रेकमध्ये लॉकरपाशी उभं राहून भरला. काय झालंय? "घसा थोडा खराब आहे." त्रास किती? "फार नाही." कधीपासून? "काही दिवस." सभ्य मराठी माणूस! डॉक्टरला त्रास नको म्हणून आजारपण कमी करून सांगणारा. त्याला सरळ उत्तर आलं, फार्मसीत जा.

फार्मसीत जा हे पण खोटं नाही बरं का. २०२४ च्या जानेवारीपासून इथं केमिस्टला सात ठरावीक दुखण्यांवर जीपीशिवाय औषध द्यायची मुभा आहे, घसादुखी, सायनस, बायकांचं लघवीचं इन्फेक्शन असलं. मी स्वतः लोकांना रोज पाठवते. पण ह्याचा घसा दुखतच नाहीये. तो गुजराती केमिस्ट बिचारा टॉर्च मारून म्हणाला, अंकल, हे माझं काम नाही, जीपीला दाखवा. म्हणजे जीपी म्हणतो केमिस्ट, केमिस्ट म्हणतो जीपी.

मग परत फॉर्म. ह्या वेळी फोन अपॉइंटमेंट मिळाली, "सकाळी आठ ते एकमध्ये डॉक्टर फोन करतील". आठ ते एक! फोन लॉकरमध्ये. प्रायव्हेट नंबरवरून येतो, उलटा करता येत नाही. ब्रेकला बघितलं तर मिस्ड कॉल आणि मेसेज, आम्ही प्रयत्न केला, गरज असल्यास पुन्हा विनंती पाठवा. हा मेसेज मी पण पाठवते गं लोकांना, तयार साचा आहे, एक क्लिक. पहिल्यांदाच नीट वाचला.

तुझा दादा मागे म्हणाला होता, तुमच्याकडे सगळं फुकट, मजा आहे. त्याला सांग, आता नोकरीच्या व्हिसावर येणारे बहुतेक लोक ह्याच सेवेसाठी माणशी वर्षाला १,०३५ पौंड आधी मोजतात आणि वर पगारातून टॅक्स आहेच. पैशाचं मला दुःख नाही, पोराच्या बाळंतपणात एक पेनी लागली नव्हती, आणि अॅम्ब्युलन्समध्ये घातलं की राजाला आणि मला एकच खाट. पण आत शिरायचं दार एकच, जीपी. त्याच्या चिठ्ठीशिवाय स्पेशालिस्ट नाही. त्या दारावर एका पूर्णवेळ डॉक्टरमागे सरासरी २,२०० च्या वर माणसं, आणि एकाला दहा मिनिटं. लोक चिडणार नाहीत तर काय. दरवर्षीचा एक मोठा सर्व्हे असतो इथं, जीपी सेवेवर खूश असणारे २०१९ ला शंभरात ६८ होते, २०२४ ला ३१.

आणि मूर्खपणा ऐक. मधे अशी वेळ होती की लोकांना डॉक्टर मिळत नव्हते आणि नवे जीपी नोकरी नाही म्हणून बसून होते. सरकार २०१९ पासून सर्जरीला वेगळे पैसे देत होतं, त्यातून फार्मासिस्ट ठेवा, फिजिओ ठेवा, पॅरामेडिक ठेवा, फक्त जीपी ठेवायचा नाही! ऑक्टोबर २०२४ मध्ये शहाणपण सुचलं आणि नव्याने पास झालेल्या जीपींना त्यात घेतलं. आमच्या मॅनेजरबाई हे सांगताना अजून टेबलावर हात आपटतात. आणि ती डॉक्टर मंडळी सरकारी नोकर नाहीतच बहुतेक, १९४८ पासून सर्जरी म्हणजे डॉक्टरांची स्वतःची भागीदारी, सरकारशी कंत्राट. अण्णांच्या दवाखान्यासारखंच, फक्त पेशंटऐवजी सरकार पैसे देतं. हे मला इथं नोकरीला लागल्यावर कळलं.

अण्णांवरून आठवलं, आणि खरं तर हेच तुला लिहायचं होतं. स्वयंपाकघराचं दार. आई मला ताप आला की तुमच्या मागच्या दाराने आत न्यायची आणि अण्णा पुढचे पेशंट थांबवून बघायचे, आणि तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस सातवीत. पहिल्या एसटीने आलेली माणसं बाकावर बसलीत आणि ही राणीसारखी चुलीपाशी, असं काहीतरी भाषण दिलं होतंस. मी तेव्हा म्हणाले की अण्णांनीच बोलावलं, आणि अजूनही माझं तेच म्हणणं आहे, उगाच जिंकल्यासारखं करू नकोस.

पण ऐक. मोहनच्या सर्जरीच्या रिसेप्शनला जी पोरगी आहे ती आधी आमच्याकडे होती. तिचा नंबर माझ्याकडे आहे. एक मेसेज केला तर ती मधेच अपॉइंटमेंट घालून देईल, मला खात्रीय. रात्री दोनदोनदा फोन हातात घेते आणि तुझा सातवीतला चेहरा येतो, काय कटकट आहे तुझी. नाही केला मेसेज. मी दुसरं केलं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या लॉगिनने फॉर्म मी भरला, त्याला विचारून. वय ५१. आवाज सतत घोगरा, दिवाळीपासून, म्हणजे आठवडे लिहिले, "काही दिवस" नाही. सर्दी-इन्फेक्शन नाही. कॉलेजात आणि नंतर बरीच वर्षं सिगारेट (हे तुला माहितीय, त्याच्या आईला अजून नाही). केमिस्टने जीपीकडे परत पाठवलंय. कामावर फोन जवळ नसतो, दुपारी तीननंतरच घेऊ शकतो. एक अक्षर खोटं नाही त्यात. तासाभरात मेसेज आला, येत्या गुरुवारी, समोरासमोर, दुपारी चार वीस.

आनंद व्हायला हवा ना? मला राग आला, वैशे. तेच दुखणं, तोच माणूस, तोच फॉर्म. फरक एवढाच की ह्या वेळी वाचणारा काय शोधतोय हे माहिती असलेल्या बाईने भरला. हे पण मागचंच दार की काय? तू म्हणशील नाही, खरं सांगणं म्हणजे मागचं दार नव्हे. मग ते पंजाबी आजोबा? त्यांच्या घरात कोण रिसेप्शनिस्ट आहे? अण्णा बाकावरच्या माणसाच्या नुसत्या चालण्यावरून त्याला आधी आत घ्यायचे, त्याला फॉर्म भरता येतो का विचारायचे नाहीत. आता म्हणू नकोस की दादाच्या पॉलिक्लिनिकात पण अॅप आलंय, माहितीय मला, आणि तिथं पण आत्या दोन तास बसली होती, तेही माहितीय.

मध्ये मी म्हटलं, सरळ कराडला जाऊन दाखवून येऊ, ईएनटीवाला संध्याकाळी स्कोप घालून मोकळा होईल. इथली पुष्कळ मंडळी तसंच करतात, सुट्टीत लग्नं, दात आणि एमआरआय. मोहन म्हणाला, घशासाठी विमानाचं तिकीट काढणारी तू पहिली. घोगऱ्या आवाजात म्हणाला त्यामुळे विनोद पण नीट झाला नाही.

तुझं सगळं ऐकलं मेसेजमध्ये. सासूबाईंच्या गुडघ्याचं केलंत ते बरं झालं, जिना उतरू देऊ नका. रेवाला नीटचं टेन्शन देऊ नकोस, तुला बारावीला दिलं होतं त्याचं काय झालं ते आठव, आणि मेडिकलला नाही गेलीस म्हणून काय बिघडलं, शाळा चालवतेयस ना झक्कास. बँकेच्या लोनचं पुढे काय झालं ते कळव. आणखी काय होतं? हां, साडीचा फोटो आला, रंग भारी, ब्लाउज बदल.

आता काम सांगते, त्यासाठीच एवढं लांबण लावलं. गुरुवारी दहा मिनिटं मिळणार, आणि हा आत जाऊन म्हणणार, तसं काही विशेष नाही डॉक्टर. मला सुट्टी मिळत नाहीये, सहकारी आजारी आहेत, मिळाली तर मी आत बसेन. नाही मिळाली तर? तो माझं ऐकत नाही, दादाचं ऐकतो, कॉलेजात त्याच्या बुलेटवर बसायला मिळायचं तेव्हापासून ऐकतो. तर दादाला बुधवारी रात्री फोन करायला सांग, आमचे साडेआठ म्हणजे तुमचे दोन वाजतात, ते जमणार नाही, म्हणून तुमच्या रात्री नऊला, तेव्हा तो नुकताच घरी आलेला असतो. मी सांगितलं असं म्हणायचं नाही. सहज केला म्हणायचं, आणि आवाज ऐकून त्यानेच विचारायचं, काय रे, काय झालं घशाला. मग त्याला तीन गोष्टी पढवायच्या: किती आठवडे झाले, सिगारेट, आणि दुखत नाही. तिसरी तो चांगली बातमी म्हणून सांगतो, तशी सांगायची नाही हे त्याला दादानेच सांगायला हवं. डॉक्टरने अर्जंट रेफरल दिलं तर चार आठवड्यांच्या आत कॅन्सर आहे की नाही ते सांगायचं धोरण आहे इथं, दर वेळी पाळलं जात नाही पण आहे, तेवढं धरून मी मागे लागेन.

दादाला जमणार नसेल तर मला मंगळवारपर्यंत मेसेज टाक, नुसतं "नाही" लिहिलंस तरी चालेल, मी दुसरं काहीतरी बघते. आणि त्या मेसेजमध्ये मोहनचं काही लिहू नकोस, तो माझा फोन चार्जिंगला लावतो.

तुझी,
सुमी

ता.क. कुरियर करणार असशील तर मेतकूट पाठव. ज्येष्ठमध नको, घरात पोतंभर झालाय.