परदेशात ‘शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही

मा. संपादक,

महोदय,

सुटीचे दिवस जवळ आले की परदेश सहलींच्या जाहिरातींत ‘शाकाहारी जेवणाची हमी’ ही ओळ ठळक अक्षरांत झळकू लागते. माळकरी, जैन आणि महानुभाव कुटुंबांच्या खान्देशात तिला वजन असणे स्वाभाविकच आहे. मात्र दूध, दही, तूप, मध यांपैकी काहीच न खाणाऱ्या आमच्यासारख्या व्हीगन प्रवाशांसाठी ही हमी पहिल्याच जेवणाला संपते. आमच्या सहलीत व्यवस्थापकांनी मोठ्या आस्थेने पुढे केलेला पर्याय दहीभाताचा होता. (नातेवाइकांनी बांधून दिलेल्या दशम्यांचे पीठही दुधातच मळलेले, बिबडे आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी कामी आली.)

मांस नको, हे हातवारे करूनही सांगता येते; पण ताटात जे दिसतच नाही, ते नाकारायचे कसे? जपानमध्ये टोफूच्या (सोयाबीनच्या पनीरसारख्या पदार्थाच्या) साध्या सूपचे पाणीसुद्धा बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचे असते, तर थायलंडमध्ये रश्श्याच्या वाटणात कोळंबीची आंबवलेली चटणी बऱ्याचदा आधीच मिसळलेली असते. स्वयंपाक्याच्या लेखी हे मांस नव्हेच, त्यामुळे ‘मांस नाही’ असे तो सांगतो तेव्हा तो फसवत नसतो. म्हणूनच माशाचा सॉस, कोळंबी, अंडे, दूध, लोणी, मध अशी एकेका जिन्नसाची नावे त्या देशाच्या लिपीत लिहिलेली चिठ्ठी प्रवाशाच्या खिशात हवी. फोनवरील भाषांतर छापील वेष्टन वाचायला उपयोगी पडते, पातेल्यात काय शिजते आहे ते त्याला कळत नाही. युरोपीय संघात वेष्टनावरील घटकांच्या यादीत दूध, अंडी आणि मासे उठून दिसतील असे छापणे बंधनकारक असल्याने तेथे काम बरेच सोपे होते. मध मात्र त्या नियमात येत नाही.

त्याहून सोपी वाट त्या त्या देशाच्या व्रतवैकल्यांतून जाते. थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या दुकानांत मांस, मासे, अंडी आणि दूध वर्ज्य असते, शिवाय कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आपल्याकडील कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीही सोय झाली. व्हिएतनाममध्ये ‘चाय’, म्हणजे बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण, अशी पाटी शोधावी (चहाशी तिचा संबंध नाही). चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेथे अनेक जण असेच जेवतात. इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी व शुक्रवारी मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करतात, त्यामुळे त्या दिवशी इंजेरासोबत (आंबवलेल्या पिठाच्या, धिरड्यासारख्या भाकरीसोबत) मसूर आणि ‘शिरो’ हमखास मिळतो. हा शिरो म्हणजे थेट आपले पातळ पिठलेच.

जळगाव, धुळे, नंदुरबारहून प्रवासी नेणाऱ्या सहल कंपन्यांनी आणि शेतकऱ्यांचे परदेश अभ्यासदौरे आखणाऱ्यांनी एवढे दोन कागद तरी प्रत्येकाला द्यावेत: स्थानिक लिपीतील जिन्नसांची चिठ्ठी आणि मुक्कामाजवळच्या अशा खाणावळींचे पत्ते. हे काम खर्चाचे नाही. शिवाय नोंदणीच्या अर्जात ‘शाकाहारी / मांसाहारी’ या दोन चौकटींखाली ‘दूध व दुधाचे पदार्थ चालतात का?’ असा तिसरा रकाना असावा आणि त्याचे उत्तर पैसे भरून घेण्यापूर्वी तेथील हॉटेलला कळवले जावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जळगाव