समरलँड शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्याला पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून, घडी घालून एखाद्या पुस्तकात ठेवलं असतं आणि भेटल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढलं नसतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचे आभार मी आजवर नीट मानलेले नाहीत, आणि का मानायचे ते आपल्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या सगळ्यांना कळावं, असं मला मनापासून वाटतं.

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आग हा विषय आमच्या वाट्याला आला तो कोष्टकांतून. जिन्याची रुंदी किती, दारापर्यंतचं अंतर किती, स्प्रिंकलर किती अंतरावर. परीक्षेपुरतं पाठ करायचं आणि विसरायचं. तुम्ही कोष्टकं बाजूला ठेवलीत, फळ्यावर एका इमारतीचा छेद, म्हणजे ती उभी कापल्यावर आतले मजले जसे दिसतील तसं चित्र, काढलात आणि वर नाव लिहिलंत : समरलँड. आमच्यापैकी कोणी ते ऐकलेलं नव्हतं.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन हे बेट आहे. त्याची राजधानी डग्लस. तिथे समुद्राच्या कडेला १९७१ साली हे भलंमोठं करमणूक केंद्र उघडलं. सुट्टीवर येणारे लोक बेट सोडून स्पेनच्या उन्हाकडे वळायला लागले होते, तेव्हा पावसाळी बेटावर छताखालीच ऊन आणायचं, अशी ती कल्पना. समोरची भिंत आणि छताचा काही भाग ओरोग्लासचा, म्हणजे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकचा. आत नाचायची जागा, बार, उपाहारगृहं, खेळ. आणि प्रशस्त वाटावं म्हणून मजले एकमेकांकडे उघडे ठेवलेले. वर्गातलं कोणीतरी ‘काय मूर्ख लोक’ म्हणालं, तेव्हा तुम्ही त्याला थांबवलंत. बांधणाऱ्यांना लोकांना आनंदच द्यायचा होता, हे आधी मान्य करा आणि मग पुढे बघा, असं तुम्ही सांगितलंत.

२ ऑगस्ट १९७३, गुरुवारची संध्याकाळ. आत सुमारे तीन हजार माणसं, बरीचशी मुलाबाळांसह सुट्टीवर आलेली. बाहेर मिनी गोल्फच्या जागेत एक मोडकी टपरी पडून होती. तिच्यात तीन मुलं सिगारेट ओढत होती. साडेसातच्या सुमाराला ती पेटली आणि जळत जळत इमारतीच्या भिंतीवर कोसळली. ती भिंत मुळात काँक्रीटची व्हायची होती. नंतर तिथे गॅलबेस्टॉस आलं, म्हणजे डांबरी लेपाचा पोलादी पत्रा. आतल्या बाजूने फायबरबोर्ड, म्हणजे लाकडाच्या तंतूंची फळी, आणि दोन्हींच्या मध्ये पोकळी. आग त्या पोकळीत शिरली आणि आतल्या लोकांच्या लक्षात न येता वाढत गेली. बाहेरच्या भिंती ज्वलनशील नसाव्यात असा नियम तिथे होता. या इमारतीला त्यातून सूट देण्यात आली होती.

आग आत फुटल्यावर उघड्या मजल्यांचं धुराडं झालं. ओरोग्लास पेटून वितळत खाली पडू लागलं. काही आपत्कालीन दारं कुलूपबंद होती. वीज गेली. अग्निशमन दलाला वेळेवर कोणी कळवलंच नव्हतं. वीस मिनिटांहून जास्त वेळ गेल्यावर निरोप गेले तेही इमारतीबाहेरून, एक टॅक्सीवाल्यांकडून आणि एक दूर समुद्रातल्या जहाजावरून. पन्नास माणसं गेली.

इथपर्यंत कोणीही शिकवलं असतं. त्यानंतर तुम्ही रंगीत खडू घेतलात. खालच्या मजल्यावर, जिथे मुलांच्या करमणुकीची सोय होती, तिथे पिवळे ठिपके काढलेत. वर, जिथे मोठी माणसं बसली होती, तिथे निळे. मग विचारलंत, ‘आग लागली. निळे ठिपके कुठे जातील?’ आम्ही सगळ्यांनी बाहेरच्या दाराकडे बोट दाखवलं. तुम्ही काही न बोलता प्रत्येक निळ्या ठिपक्यापासून पिवळ्या ठिपक्याकडे रेघ ओढत गेलात. सगळ्या रेघा उघड्या जिन्यावर येऊन एकमेकींत अडकल्या. वरून खाली येणारे, खालून वर जाणारे, आपलं मूल शोधणारे. वर्गात कोणी हललं नाही.

जोनाथन साइम या संशोधकाचं नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्याने समरलँडमधून वाचलेल्यांच्या जबान्या अभ्यासल्या होत्या. आगीत माणसं भान हरपून जवळच्या दाराकडे धावतात, या समजाला त्याने धक्का दिला. माणूस ओळखीच्या वाटेकडे वळतो आणि त्याआधी आपल्या माणसांकडे. कुटुंब एकत्र असेल तर एकत्र निघतं. ताटातूट झालेली असेल तर आधी शोधाशोध होते. नकाशावर दाराचं अंतर मोजताना हे कुठेच येत नाही. तुम्ही ते आमच्या हातात घातलंत, आणि तेव्हापासून कुठलाही प्लॅन समोर आला की मी आधी बघते : मुलं कुठे असतील, म्हातारी माणसं कुठे बसतील, त्यांना न्यायला कोण येईल आणि कुठून येईल.

आता कल्याणच्या पुढच्या त्या हॉलबद्दल, ज्याची आगीच्या दृष्टीने तपासणी माझ्याकडे होती. मालकांचं नाव घेत नाही, कारण माणूस शेवटी ऐकणारा निघाला. लग्नाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर, जेवण पहिल्यावर, आणि तिसऱ्यावर मुलांसाठी खेळायची खोली, तिच्यात फोमच्या गाद्या आणि प्लॅस्टिकची घसरगुंडी. वर जायला एकच जिना. मी रिपोर्टमध्ये खोली खाली आणा असं लिहिलं. ‘मॅडम, रुंदी नियमात बसते ना? मग सही करा,’ असं उत्तर आलं. रुंदी खरंच नियमात बसत होती. काम हातचं जाणार हे दिसत होतं, आणि ऑफिसमध्येही सगळे म्हणत होते, एवढं काय ताणायचं. मी तुम्हाला फोन केला तो फक्त मन मोकळं करायला.

तुम्ही म्हणालात, लग्न कधी आहे ते बघ, मी येतो. निवृत्त होऊन तुम्हाला बरीच वर्षं झाली होती, गुडघे दुखत होते, तरी लोकलने आलात. तुम्ही मालकांशी नियमांवर एक शब्द बोलला नाहीत. आपण तिघं पहिल्या मजल्यावर, बुफेच्या बाजूला उभे राहिलो. वर मंगलाष्टकं चालू होती. अक्षता पडल्या, बँड वाजला आणि पाहुणे जेवायला खाली यायला लागले. तेव्हा तुम्ही मालकांना म्हणालात, ‘तुमची नात तिसऱ्या मजल्यावर खेळते आहे असं समजा. जा, घेऊन या.’

ते निघाले. पहिल्या वळणावर त्यांना भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागलं. ना धूर, ना आरडाओरडा, दिवे लखलखीत. लोक त्यांना ओळखून नमस्कार करत होते, हसत होते, आणि तरी ते एक पायरी वर चढू शकत नव्हते. गर्दी ओसरल्यावर खाली आले तेव्हा घामाने भिजले होते. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत, आणि मग पिशवीतून समरलँडचा तोच छेद काढून त्यांच्या मांडीवर ठेवलात. ‘इथल्या आईबापांना अशाच गर्दीतून मुलांपर्यंत पोचायचं होतं, अंधारात,’ एवढंच म्हणालात.

आज ती खेळायची खोली जेवणाच्या दालनाला लागून आहे, मध्ये काच आहे आणि तिला स्वतःचं बाहेर पडायचं दार आहे. फोम गेला. दर जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, भरायची वेळ आली की मालक स्वतः फोन करतात आणि आधी तुमची चौकशी करतात. त्या हॉलमध्ये आग लागलेली नाही. कधी लागूही नये. पण त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर ती खोली तिसऱ्या मजल्यावरच राहिली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

सर, मला तुमचे आभार आणखी एका गोष्टीसाठी मानायचे आहेत. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिलमधल्या आगीत चौदा जणांचा जीव गेला, २०२४ च्या मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनमध्ये सत्तावीस जण गेले, त्यात लहान मुलं होती. दोन्ही वेळेला मी रात्री तुम्हाला फोन केला. या कामाचा काही उपयोग आहे का, असं मी विचारलं. तुम्ही धीर द्यायला गोड बोलला नाहीत. समरलँडच्या चौकशी आयोगाने १९७४ साली काय म्हटलं ते सांगितलंत : खलनायक कोणी नाही. माणसांच्या चुका झाल्या, असा निष्कर्ष निघाला. ते वाचून गेलेल्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, असं तुम्ही मला विचारलंत. मग म्हणालात, ‘म्हणून चूक व्हायच्या आधी कागदावर लिहायची. नावासकट, तारखेसकट. तू लिहितेस ना? झोप आता.’ मी त्या रात्री झोपले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

त्या घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही, हेही तुमच्याचकडून कळलं. डग्लसला एका बागेत १९९८ साली आधी एक लहानसा स्मृतिदगड बसला, २०१३ मध्ये गेलेल्यांची नावं कोरलेलं स्मारक झालं आणि जवळपास पन्नास वर्षांनी, २०२३ मध्ये, बेटाच्या मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. तुम्ही ती बातमी मला पाठवलीत. खाली काहीच लिहिलं नव्हतंत. माझी खात्री आहे की तुम्ही ती पुन्हा पुन्हा वाचली असणार.

आता एक मागणं. येत्या सत्रापासून आपल्याच कॉलेजात मला आठवड्यातून एक तास दिला आहे, तिसऱ्या वर्षाला, तुमचाच विषय. मी समरलँडपासून सुरुवात करणार आहे. तो छेद मला हवा आहे, आणि तुमच्या वहीतल्या जिन्यांच्या टिपाही. रविवारी सकाळी येते. काकूंना सांगा, जेवायला थांबेन.

तुमची विद्यार्थिनी